लोणच्याच्या बरणीवरचा देव

मी गोटा बोलतोय. जाम नदीतला, काळसर, भरताच्या वांग्याएवढा, एका अंगानं जरा चपटा. दगडाला तोंड कुठून आलं असं विचारू नका. माणसं इतकी वर्षं माझ्यापुढे हात जोडून गाऱ्हाणी सांगत आली, तेव्हा दगडाला कान कुठून आले हे कुणी विचारलं नव्हतं.

नदीत होतो तोवर बरा होतो. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधे पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. दिवसभर दोन्हीकडचे लोक एकमेकांना गोटे मारतात आणि संध्याकाळी एकमेकांची विचारपूस करतात. अशाच एका वर्षी सावरगावच्या कुणीतरी मला भिरकावलं आणि मी पांढुर्ण्याच्या बापूजींच्या कपाळावर जाऊन आदळलो. सगळ्यांनी त्यांची आशा सोडली होती. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले आणि भाकर मागितली. "या गोट्यानंच वाचवलं," असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. डोकं मी फोडलं, वाचवलं त्यांच्या जाड कवटीनं, आणि शेंदूर मात्र मला लागला.

त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या घरात, देव्हाऱ्यात, मी पुढची कितीतरी वर्षं देव म्हणून काढली. काम काहीच नव्हतं. नैवेद्य समोर यायचा नि तसाच परत जायचा. तो पुढे कोण खायचं, तेही मी पाहिलंय.

बापूजी गेले, मुलगा यशवंतराव घरचे कर्ते झाले आणि दारूच्या नादी लागले. त्यांची बायको देवकाबाई हिनं माझ्यापुढे पदर पसरला, उपास केले. मी गोटा, मी काय करणार? शेवटी कुणीतरी यशवंतरावांना महानुभाव पंथाच्या मठात नेलं. ऐंशी साली त्यांनी उपदेश घेतला, म्हणजे रीतसर पंथात शिरले, आणि दारू खरोखर सुटली. ते श्रेय पंथाचं, मी नाकारणार नाही.

पंथाची शिस्त साधी पण कडक. एकाच परमेश्वराला मानायचं, मांस नाही, मद्य नाही, बाकीच्या देवता घरात ठेवायच्या नाहीत, त्यांचा प्रसाद तोंडात घालायचा नाही. मठातले म्हातारे बाबा म्हणालेही होते, "घाई करू नका. आधी मनातून सुटू द्या, मग घरातून सोडा." पण यशवंतरावांनी घरी पाऊल टाकताच टोपलं मागवलं. सगळे देव नदीत सोडायचे! दारू गेली होती, झिंग काही गेली नव्हती.

टोपलं दारापर्यंत नेता नेता देवकाबाईनं मला पदराखाली घेतलं. मग राखेनं आणि चिंचेनं घासघासून शेंदूर काढला आणि कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर, लाकडी झाकणाला दडपण म्हणून ठेवून दिलं. दर मंगळवारी ती लोणचं काढायला यायची, माझ्या पाठीला चिमूटभर हळद लावायची, हात जोडायची आणि लगेच पुसून टाकायची. त्या घरात मंगळवारी लोणचं जरा जास्तच वाढलं जायचं.

बाहेर यशवंतरावांचा रुबाब बघण्यासारखा होता. भेटेल त्याला पंथाच्या रीतीनं मोठ्यानं "दंडवत प्रणाम". लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी विचारणार, "अन्नाले निवद दाखवला का?" दाखवला असला तर उपाशी उठणार, आणि उपाशी उठल्याचं लोधीखेड्यापर्यंत सांगत जाणार. गोटमार चंडीमायच्या नावानं, म्हणून त्या दिवशी घराची दारं-खिडक्या बंद.

आता आतली गोष्ट ऐका. त्र्याऐंशीच्या माघात संत्र्याची झाडं आंबिया बहाराच्या फुलांनी पांढरी झाली होती. भरदुपारी आभाळ भरून आलं. तिगावकडे गारा पडल्याची बातमी आली. देवकाबाई गोठ्यात होती. यशवंतराव दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात शिरले, बरणीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "हे पाह्य, मी तुले मानत नाही. उपदेश घेतला हाय मी. पण बगीच्यावर गारा नको पडू देऊ."

म्हणजे टोपलं हलकं झाल्याचं यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! आभाळ वाऱ्यानं निघून गेलं. माझा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण पुढे दरवर्षी ढग दिसले की यशवंतरावांना लोणच्याची आठवण होऊ लागली.

त्यांना एकच मुलगी, इंदू. आई मला घासत होती तेव्हा तिनं पाहिलं होतं. ती माझ्यापुढे कधी हात जोडत नसे. तिचं माझ्याशी वेगळंच काम होतं. ती बालवाडीत शिकवायची, आणि सावरगावच्या शाळेतले सुरेश मास्तर तिला गोष्टींची पुस्तकं आणून द्यायचे. पुस्तकांतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. त्या ती माझ्याखाली लपवायची, मंगळवार तेवढा टाळून. एका घरात तीन माणसं, तिघांची तीन गुपितं, आणि भार सगळा माझ्यावर.

शहाऐंशी साली सुरेश मास्तर आपल्या वडलांना, भगवंतरावांना, घेऊन मागणी घालायला आले. ओसरीवर चहा झाला.

"पोरगा चांगला हाय," यशवंतराव म्हणाले. "पण तुमच्या घरी देवता किती?"

"देव्हाऱ्यात पाच हायेत. अन् चंडीमाय वेगळी," भगवंतराव सरळ म्हणाले.

"मंग जमत नाही. ज्या घरात देवता, त्या घरी मी पोरगी देत नाही. चार लोकांत बोलून बसलो हाव."

"काकाजी, मी उपदेश घ्यायले तयार आहो," सुरेश म्हणाले.

दारातून इंदू म्हणाली, "माह्यासाठी घेऊ नका. मनातून वाटलं तरच घ्या." मग ती वडलांकडे वळली. "बाबा, आपल्या घरी किती हायेत?"

"एकबी नाही!"

इंदू आत आली. मला उचललं, माझं तेल पुसलं आणि ओसरीवर नेऊन पाटावर ठेवलं. देवकाबाईनं हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या.

"तो लोणच्याचा गोटा हाय," यशवंतराव म्हणाले.

"मंग टाका विहिरीत. आत्ताच. नाही टाकता आला, तर आपण अन् ते सारखेच. मंग कायले अडवून राहिले तुमी?"

यशवंतरावांनी मला उचललं आणि विहिरीच्या काठावर गेले. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, "पोरी, नाही टाकता येत मले." मला खाली ठेवलं असतं तर अंगणात मांडव पडला असता. त्यांच्या मनातही तेच होतं, हात मागे यायला लागले होते. तेवढ्यात भगवंतराव चांगुलपणानं म्हणाले, "राहू द्या, यशवंतराव. आमी कोणाले सांगत नाही."

झालं! लोकांना कळण्याची गोष्ट निघाली आणि माणूस बिथरला. त्यांनी मला टाकलं. पाण्यात जाता जाता ऐकू आलं, "आता आमच्या घरी एकबी नाही. अन् पोरगीबी तुमच्या घरी नाही!"

आठव्या दिवशी इंदू दोन लुगडी घेऊन निघून गेली. सौंसरला सुरेश मास्तरांच्या मामाकडे दोघांनी एकमेकांना हार घातले. "मले पोरगीच नाही," असं यशवंतरावांनी जाहीर केलं. मठातल्या बाबांनी निरोप पाठवला की मुलीला घरी आणा. ज्यांच्या नावानं एवढा ताठा, त्यांचंही ऐकलं नाही. मला त्या दिवशी फार राग आला. इतकी वर्षं माणसांचं पाहून हसत आलो, तेव्हा हसू आलं नाही.

आता मी विहिरीच्या तळाशी आहे. शेवाळ चढलंय, बेडकांची सोबत आहे. वरचं सगळं ऐकू येतं. देवकाबाई पाणी शेंदताना शेजारणीला हळूच सांगते. दर मंगळवारी ती बाजाराच्या नावानं नदी ओलांडते आणि लेकीला भेटून येते. इंदूला सातवा महिना लागलाय.

आणि दुपारी, सगळे निजले की, यशवंतराव येतात. काठावर वाकतात. त्यांचा चेहरा पाण्यात पडतो, तो आता म्हातारा दिसतो.

"मी तुले मानत नाही," ते म्हणतात. "पण इंदूले सांभाळ. बाळंतपण नीट होऊ दे. माह्यावर लई रागावली असन का?"

यशवंतराव, अहो, मी गोटा आहे. तुमचा बहार मी वाचवला नाही, तुमची दारू मी सोडवली नाही. तुमच्या परमेश्वराला मानायचं तर खुशाल माना, तो काही मुलीचं तोंड पाहू नको म्हणाला नाही. ती रागावली आहे की नाही, हे मला कसं ठाऊक असणार? सावरगाव इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. दुपारची ती घरीच असते. पाण्यात काय बघत बसलात? पायात चपला घाला आणि जा.