थिनर चढलंय!

गाड्या रंगवणाऱ्या त्या घरात कोणाला काहीही झालं तरी निदान एकच: थिनर चढलंय! घराच्या मागेच बाबांचा आणि दादाचा कारखाना. रंग पातळ करायच्या त्या थिनरचा वास थेट उशीपर्यंत पोचायचा. नवा माणूस काही दिवस मळमळणार, डोकं धरून बसणार आणि मग सरावणार, हे ठरलेलंच. त्यामुळे नव्यानेच कामाला हात लावलेली वहिनी सकाळी मोरीकडे पळायला लागली, तेव्हा आई चहा गाळता गाळता म्हणाली, "थिनर चढलंय. हवेत बस जरा." विषय संपला.

वाकून वाकून गाड्यांची दारं घासल्याने तिची कंबरही धरली होती. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला, म्हणून दादा तिला घेऊन गेला.

इकडे दादाची शाळकरी बहीण, घरातली भिंगरी, बाथरूममध्ये पॅडचं पॅकेट शोधत होती. दोघींत एकच पॅकेट आणि त्यावरून कायमची जुंपलेली. वहिनी आधी वापरायची आणि रिकामं पॅकेट फळीवर साळसूदपणे ठेवून द्यायची. आज भिंगरी भांडणाच्या तयारीनेच गेली. पॅकेट चक्क भरलेलं!

"आली अक्कल," ती पुटपुटली. आणि तिचा हात तिथेच थांबला.

परवा कारखाना बंद होता. थिनरचा डबासुद्धा उघडला नव्हता. तरी वहिनीला साबणाच्या वासाने उलटी झाली होती. मटार सोलता सोलता ती बसल्या जागी पेंगते, ते वेगळंच. शाळेत आलेल्या नर्सबाई नेमकी हीच लक्षणं सांगत होत्या आणि सगळ्या मुली वहीआड खिदळत असताना भिंगरीने उभं राहून प्रश्न विचारले होते. बाई शेवटी म्हणाल्या होत्या, "अशी शंका असेल तर एक्स-रेच्या आधी सांगायचं."

एक्स-रे!

तिने दादाला फोन लावला. तो शेजारच्या खोलीत चार्जिंगला वाजला.

भिंगरी सुटली ती अनवाणीच. कोपऱ्यावर सायकलवाला शिव्या घालून गेला. डोक्यात किडा वळवळत होता: चुकीचं निघालं तर? जन्मभर चिडवतील. आणि बरोबर असलं, पण उशीर झाला तर?

एक्स-रेच्या खोलीबाहेर दादा बाकावर पाय हलवत बसला होता. "काय गं, घर पेटलं की काय?"

"वहिनी कुठाय?"

"आत. आत्ताच गेली."

दारावरचा लाल दिवा अजून लागला नव्हता. भिंगरीने दोन्ही हातांनी दार बडवलं. मशीनवरच्या बाई कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या.

"काढला? काढला का एक्स-रे?"

"काढू देशील तर ना!"

"नका काढू! तिची पाळी चुकलीये!"

अख्ख्या बाकाने माना वळवल्या. दादाचे कान तापलेल्या पत्र्यासारखे लाल. बाई सावकाश मागे वळल्या. "अहो, मी तुम्हाला विचारलं होतं ना, दिवस गेलेले असू शकतात का म्हणून?"

ढगळ गाऊन सावरत वहिनी दारात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला खरंच वाटलं... दगदगीने लांबली असेल. आणि मळमळीचं म्हणाल तर ते थिनर चढलंय."

"आधी टेस्ट करा," बाई म्हणाल्या. "मग बघू कोण चढलंय ते."

दादा धावत जाऊन समोरच्या दुकानातून टेस्ट घेऊन आला. वहिनी बाथरूममध्ये गेली. बाहेर दोघं बहीणभाऊ भिंतीला टेकून उभे. दादा नखातला रंग खरवडत राहिला. भिंगरीला आता पायांना झोंबणारे खडे जाणवायला लागले.

कडी वाजली. वहिनीने मूठ उघडली. पट्टीवर दोन रेघा होत्या, दुसरी जरा फिकट, पण होतीच. दादा खालीच बसला.

वहिनीने भिंगरीची वेणी ओढली. डोळे भरलेले आणि ओठांवर हसू.

"जा, घे! ते पॅकेट आता तुझं एकटीचं."