सायबाच्या पँटची वाफ

कडकला खोकला झालाय हे त्याच्या आधी गल्लीला कळलं. सकाळी सातच्या सुमाराला त्याच्या इस्त्रीचा टेबलावर धप्प आवाज व्हायचा आणि लोक समजायचे, चला, उठायला हवं. आता धप्पच्या आधी ढास यायची. दोन मिनिटं, तीन मिनिटं. लोक तिच्यावरच उठायला लागले. सोय झाली, दुसरं काय.

कडक हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्यानं इस्त्री केलेला शर्ट जमिनीवर ठेवला तर माणसाशिवाय उभा राहील, असं लोक म्हणायचे, त्यावरून ते पडलं. स्वभावानं ते पुढे चालवलं. इस्त्री कोळशाची, पाच-सहा किलो वजनाची. सकाळी तिच्या पोटात कोळसे भरायचे, वाकायचं आणि भोकांना तोंड लावून फुंकायचं. निखारे फुलेपर्यंत निम्मा धूर वर जायचा आणि निम्मा कडकच्या आत. अशी सव्वीस वर्षं.

आता माणूस आजारी पडला की त्याच्या ओळखीचा प्रत्येकजण डॉक्टर होतो. कपड्यांच्या गठ्ठ्याबरोबर टेबलावर एकेक औषध पडू लागलं. समोरचा शिंपी म्हणाला, आल्याचा रस आणि मध. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि त्या करताना मान किती मागे न्यायची ते त्यांनी भर रस्त्यात करून दाखवलं. बँकेतले साहेब पाच पँटी टाकून म्हणाले, "गोळ्याबिळ्या घेऊ नकोस. नैसर्गिक काहीतरी घे." तेवढ्यात वारा फिरला आणि इस्त्रीचा धूर साहेबांच्या तोंडावर आला. साहेब टुणकन बाजूला झाले.

कोळसाही नैसर्गिकच की. पण धूर दुसऱ्याच्या नाकात जातोय तोवरच लोकांना निसर्ग आवडतो. मध सगळ्यांनी सांगितला, आलं सगळ्यांनी सांगितलं. कोळसा विझव, असं एकानंही सांगितलं नाही. सांगणार कसे? प्रत्येकाला उद्या सकाळी कडक घडीचा शर्ट हवा होता.

तीन आठवडे उलटले तेव्हा बायकोनं टेबलावर चादर टाकली आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे ढकलतच.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. "शिट्टी वाजतेय आत. ब्राँकायटिस आहे काका. श्वासनळ्यांना सूज. बिडी?"

"सोडली. सहा वर्षं झाली."

"मग हा धूर कुठला?"

कडक छताकडे बघायला लागला. बायको म्हणाली, "रोज सकाळी इस्त्रीत तोंड घालून फुंकतात."

"म्हणजे बिडी सोडली आणि शेगडी ओढायला लागलात."

बाईंनी सगळं नीट सांगितलं. धूर आजपासून बंद. दिवसभर थोडं थोडं कोमट पाणी. झोप पुरी, उशा दोन. मध चालेल, घशाला बरं वाटतं, पण तो नळ्यांत उतरून झाडलोट करत नाही. दिवसातून दोनदा वाफ. बरं वाटलं की रोज चालणं, हळूहळू वाढवत. ताप चढला, दम लागला, कफात रक्त दिसलं तर उठून सरळ इकडे यायचं.

"आणि ऐका," बाई म्हणाल्या, "आणखी एक हिवाळा असा धूर गिळलात, तर हा पाहुणा मुक्कामाला येईल. मग टेबल कायमचं बंद. मी सांगायची गरजच पडणार नाही, तुम्हाला उभंच राहता येणार नाही."

टेबल बंद, हे ऐकून कडक घाबरला. त्या टेबलाशिवाय त्याला आपण कोण हेसुद्धा सांगता आलं नसतं. पण घाबरलेला माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे. एवढ्या यादीतून त्यानं फुकटची तेवढी गोष्ट उचलली. वाफ! वाफेला काय तोटा? ती तर आपल्या धंद्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बाजारातून आली तेव्हा टेबलामागे नवरा दिसेना. दिसत होती तिची शाल. शालीखाली काहीतरी हलत होतं, चर्र आवाज येत होता आणि शालीच्या सगळ्या बाजूंनी धूर निघत होता. तिनं टोक उचललं. कडकचं नाक बँकेच्या साहेबांच्या पँटीवर टेकलं होतं.

"अहो, काय शोधताय?"

"वाफ घेतोय."

"सायबाच्या पँटची?"

"बाईंनीच सांगितलंय. दोनदा."

"बाईंनी पातेल्याची सांगितली होती."

"पाणी ते पाणीच. चार पँटी झाल्या, ही पाच..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. ओल्या पँटीतून वाफेबरोबर साबण निघाला, साहेबांचा महिनाभराचा घाम निघाला, वर शालीत कोंडलेला कोळशाचा धूर. ढास अशी आली की कडक कमरेत दुमडला, कोपर इस्त्रीला लागलं, झाकण उघडलं आणि एक निखारा पँटीच्या बरोबर बैठकीवर जाऊन बसला.

भोक रुपयाएवढं पडलं. शिंप्यानं आतून ठिगळ लावून ते असं रफू केलं की साहेब रोज त्यावर बसून लोकांचे अर्ज नाकारतात आणि त्यांना पत्ता नाही.

त्या संध्याकाळी बायकोनं इस्त्रीतले कोळसे राखेत पुरले. शिंप्याकडून विजेची इस्त्री मागून आणली, त्याच्याच दुकानातून वायर ओढली आणि पदर खोचला. "आता तुम्ही टेबलाच्या पलीकडे. गिऱ्हाईक उभं राहतं तिथं."

"तुला जमणार नाही."

"सव्वीस वर्षं बघतेय. जमणार नाही ते फक्त फुंकणं."

कडकनं मग निमूटपणे सगळं केलं. निमूटपणे म्हणजे कुरकुरत. पाणी प्याला. पातेल्याची वाफ घेतली, जरा लांबून. पहिल्या दिवशी चालायला निघाला तो गल्लीच्या तोंडाशीच धापा टाकत खांबाला धरून उभा राहिला, आणि लाज लपवायला खांबावरची जाहिरात दोनदा वाचली. आठवड्यानं तो पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला. तिसऱ्या आठवड्यात टाकीला वळसा घालून परत. एका सकाळी जाग आली तर सगळं शांत. त्याला वाटलं कान गेले. मग लक्षात आलं, छातीतली शिट्टी गेली होती.

बाईंनी नळी लावली आणि म्हणाल्या, "साफ."

कडक छाती काढून टेबलाशी आला. खालून जुनी इस्त्री ओढली, कोळशाच्या पोत्यात हात घातला. बायकोनं अडवलं नाही. ती साडीची घडी घालत राहिली.

"पेटवा. बाई काय म्हणाल्या ते तुम्हाला पाठ आहे."

कडकचा हात पोत्यातच राहिला. "विजेच्या इस्त्रीला वजन नाही."

"मग हातानं द्या."

मास्तरीणबाई आल्या. त्यांनी दोन ब्लाउज पुढे केले, ते त्याच्यापुढे नाही, बायकोपुढे. वर म्हणाल्या, "परवासारख्याच कर गं बाह्या." कडक तिथे उभा आहे हे त्यांना दिसलंच नसावं.

तेव्हा त्याला कळलं. खोकल्यानं जे नेलं असतं ते खोकला बरा होता होता गेलं होतं.

"टेबल माझं आहे," तो म्हणाला.

"मग कोळसा सोडा आणि या अर्ध्यावर. सकाळ माझी, दुपार तुमची."

"सकाळची सगळी गिऱ्हाइकं तू घेणार आणि मी दुपारी माश्या हाकू?"

"सकाळी तुम्ही टाकीला जाणार."

त्यानं पोत्यातून हात काढला, जुन्या धोतराच्या फडक्याला पुसला आणि विजेची इस्त्री धरली. सव्वीस वर्षांच्या सवयीनं खांद्यातून जोर लावला. हलकी वस्तू ती. सुर्रकन शर्टावरून गेली, टेबलावरून गेली आणि वायरीला लोंबकळत राहिली. शिंपी हसला. बायको हसली.

कडकनं श्वास घेतला. तो थेट तळापर्यंत गेला, वाटेत कुठेही न अडता. मग त्या एका श्वासात त्यानं विजेची इस्त्री, ती बनवणारे, तिची वायर, शिंपी, मास्तरीणबाईंच्या बाह्या, पाण्याची टाकी आणि स्वतःचं लग्न या सगळ्यांचा असा उद्धार केला की शिंप्यानं मशीन थांबवली. मध्ये स्वल्पविराम नाही. बायको इस्त्री हातात घेऊन त्याच्याकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते हसण्यानंच असतील असं नाही.

"झालं?" ती म्हणाली, आणि इस्त्री त्याच्या हातात दिली. "आता खिशाला चुणी पडलीय ती काढा. हळू."