डाव्या हाताची बटणं

प्रज्वलच्या ‘हवं तसं’ ह्या ॲपमध्ये चुका शोधायच्या म्हणून समाधाननं ते फोनवर उतरवून घेतलं, आणि उघडल्या उघडल्या ते त्याला आवडलं. तिथंच त्याचं डोकं फिरलं. त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला, भिंतीला पाठ टेकली आणि कंपनीत एखादा नग तपासायला घ्यावा तसा फोन नीट हातात धरला. गुरुवार होता, त्याच्या कंपनीची सुट्टी. बायकोची, विजयश्रीची, सुट्टी रविवारी. ती सकाळच्या बसनं चाकणला कामावर गेली होती. पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांत त्याचा जळफळाट बघायला दुसरं कुणी नव्हतं, हे एक बरं होतं.

खेळ तसा सगळ्यांच्या ओळखीचा. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून नीट रचायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. त्याची फोनवरची एक परदेशी आवृत्ती होती. बनवणाऱ्यांनी ती कधीच वाऱ्यावर सोडली होती, खेळणाऱ्यांनी मात्र सोडली नव्हती. ठोकळ्यांचे रंग बदलायचे, आवाज बदलायचे, पडण्याचा वेग बदलायचा, तर त्यासाठी लागणारी छोटी छोटी ॲप हौशी मंडळीच बनवत आणि एकमेकांना फुकट देत. मराठी खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे काम कितीतरी दिवस एकट्या समाधानचं होतं. त्याच्या ॲपचं नाव ‘रंगारी’. कुणाला ठोकळ्यांना पैठणीचे रंग हवेत, कुणाला ओळ फुटली की हलगी वाजायला हवी. सगळे त्याच्याकडे यायचे. ‘समाधानभाऊ, तेवढं बघा ना जरा,’ एवढ्या एका वाक्यावर त्याचा आठवडा सुखात जायचा. कंपनीत त्याला असं कुणी लाडीगोडी लावत नसे. तिथं तो क्वालिटीवाला होता, आणि क्वालिटीवाला येताना दिसला की लाइनवरची माणसं भलतीकडेच बघू लागतात.

मग चाकणजवळच्या कुरुळीचा हा प्रज्वल उगवला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी काही मागितलं नव्हतं. एके दिवशी त्यानं ग्रुपवर ‘हवं तसं’ टाकलं आणि खाली लिहिलं, ‘चुकलंमाकलं सांगा.’ महिन्याभरात लोक समाधानला विचारायचे बंद झाले. ग्रुप चालवणारा अजिंक्य हा त्याचा डिप्लोमापासूनचा मित्र, पण त्यानंसुद्धा ‘हवं तसं’ ग्रुपच्या माथ्यावर नेऊन चिकटवलं.

“राव, एकदा वापरून तर बघ,” अजिंक्य फोनवर म्हणाला होता. “लई सोपं केलंय पोरानं.”

“सोपं म्हणजे चांगलं असतं का?”

“तसं नाही. पण तुझ्या रंगारीत शिरलं की बाहेर यायची वाट सापडत नाही.”

हे वाक्य समाधानच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. रंगारीत शंभर सोयी होत्या. त्या शोधता येत नसतील तर दोष शोधणाऱ्याचा, असं त्याचं सरळ म्हणणं होतं.

आता त्यानं ‘हवं तसं’ची चिरफाड सुरू केली. एक निळा दुसऱ्या निळ्यात मिसळत होता. आवाज बंद करूनही ओळ फुटताना बारीक टक् व्हायचं. नाव मराठीत लिहिलं की शेवटचं अक्षर कापलं जायचं. बस, इतकंच. एवढ्यावर कुणाला उडवता येत नाही. चुका शोधता शोधता तो दोन डाव खेळून बसला, तिसराही खेळला, आणि चहावर साय धरली तेव्हा आपण इतका वेळ मजेत होतो हे लक्षात येऊन त्याला आणखीच राग आला.

शेवटी त्याला हवं ते सापडलं. ‘एका हातानं’ नावाचा एक पर्याय होता. तो निवडला की फिरवायचं, सरकवायचं, खाली टाकायचं, अशी सगळी बटणं पडद्याच्या डाव्या कडेला एकावर एक येऊन बसायची. उजवी बाजू मोकळी. असला बेंगरूळ प्रकार त्यानं जन्मात पाहिला नव्हता. आणि ग्रुपवर ह्याच गोष्टीचं कौतुक सगळ्यात जास्त चाललं होतं.

कंपनीत नग नापास केला की त्याला लाल कार्ड बांधतात. कार्डावर दोष लिहायचा, पुढे शेरा. समाधाननं तसंच एक लाल कार्ड फोनवर तयार केलं, अगदी कंपनीतल्यासारखं चौकटी आखून. नगाचं नाव: हवं तसं. मग तीन दोष ओळीनं. आणि चौथा: ‘सर्व बटणे डावीकडे. शेरा: थोट्या माणसांसाठी बनवले आहे काय? नग नापास.’ खाली सहीसुद्धा केली.

कार्ड ग्रुपवर पडलं आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘समाधानभाऊ इज बॅक,’ कुणीतरी लिहिलं. त्याला बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं. विजयश्रीनं झाकून ठेवलेली भाजी-भाकरी तो चवीनं जेवला, मधूनमधून डाव्या हातानं फोन वर करून बघत.

जेवण संपता संपता प्रज्वलचं उत्तर आलं. ग्रुपवर नाही, एकट्याला. ‘दादा, पहिले तीन बरोबर आहेत. आजच नीट करतो. चौथ्याचं समक्ष सांगतो. दुपारी पिंपळे सौदागरला यायचंय मला, भेटाल का?’

समाधानला भांडण हवं होतं. हा तर हात जोडून उभा. तरी तो गेला. शत्रूचं तोंड एकदा बघावं म्हणून गेला.

मोठमोठ्या सोसायट्यांच्या रांगेत, एका गेटच्या बाजूला चहाची टपरी होती. प्रज्वल आधीच येऊन थांबला होता. पंचविशीचा, आडव्या हाडाचा, हेल्मेट कोपराला अडकवलेलं. त्यानं वाकून नमस्कारच केला.

“दादा, आमी रंगारीवरच शिकलो बघा. तुमी आतला कोड कसा लिवलाय ते रोज वाचायचो.”

“दिसतंच की,” समाधान म्हणाला.

प्रज्वलला टोमणा कळला नाही, किंवा त्यानं तो चहाबरोबर गिळला. “न्हाई, खरंच. ते लाल कार्ड बी भारी होतं. हसलो मी. फक्त ते चौथं...” तो थांबला. “ते काय माझ्या डोक्यातलं न्हाई. एका ताईंनी सुचवलं. चाकणलाच हायेत, हार्नेसच्या कंपनीत. गाड्यांच्या वायरी जोडायचं काम. ग्रुपवर न्हाई बोलत त्या. मला एकट्याला इचारलं, हुईल का म्हणून. थांबा, ऐकवतोच.”

त्यानं फोन दोघांच्या मध्ये धरला.

“प्रज्वलभाऊ, चाललं की हो! आज बसमध्ये पहिल्यांदा उजवा हात मांडीवर ठेवून खेळले. दिवसभर कनेक्टर दाबून दाबून अंगठा पार कामातून गेलाय बघा, सकाळी उठलं की सरळच होत नाही. दुसऱ्या हातानं ओढून सोडवावा लागतो. आता डाव्यानं मस्त भागतंय. आणि कालच्यापेक्षा जास्त ओळी काढल्या!”

आणि मग ती हसली.

‘चाललं की हो’ ऐकलं तेव्हाच समाधानला कळलं होतं. हसणं ऐकलं तेव्हा त्यानं हातातला चहा खाली ठेवला. विजयश्री अशी हसते? अशी मोकळी, अखेरीला थोडी खोकत? लग्नाच्या वर्षी हसायची. त्याला अंगठ्याचं काही सुचलंच नाही. त्याला एवढंच सुचलं, की हे हसणं ह्या माणसाच्या फोनमध्ये आहे आणि आपल्या फोनमध्ये नाही.

“आणखी एक हाय,” प्रज्वल म्हणाला. “मी इचारलं होतं, घरी कुणी करून न्हाई का देत.”

“घरी? घरी तीनदा सांगितलं,” विजयश्रीचा आवाज म्हणाला. “आमच्याकडं पण ह्यातले जाणकार आहेत. हुशार आहेत खूप. पण त्यांना काही सांगायला गेलं, की ते मला खेळायचं कसं तेच शिकवायला लागतात.”

ह्यावर ती हसली नाही.

समाधानला तिन्ही वेळा आठवल्या. निदान दोन तरी नक्की. ‘अहो, ही बटणं इकडं घेता येतील का?’ आणि आपण तिचा फोन हातात घेऊन, दोन्ही अंगठे कसे ठेवायचे, नजर कुठं ठेवायची, हे तिला समजावत बसलो होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं. मग ‘बरं’ म्हणून ती उठून गेली होती.

“ह्या ताई,” त्यानं आवाज जमेल तितका साधा ठेवला, “ओळखीच्या आहेत?”

“न्हाई हो. समोरासमोर बघितलं बी न्हाई. सोनवणेताई म्हणून हायेत.” सोनवणे हे तिचं माहेरचं आडनाव. “ग्रुपवर मी काय खुलासा केला न्हाई, त्यांचं दुखणं कशाला चारचौघांत. पण तुमचं ते तेवढं काढलं तर बरं हुईल, दादा. वाचणाऱ्याला लागतं.”

“बघतो,” समाधान म्हणाला आणि उठला. चहाचे पैसे प्रज्वलनं आधीच दिले होते. तेही त्याला आवडलं नाही.

घरी येताना त्यानं गाडी दोनदा कडेला घेतली आणि दोनदा ते लाल कार्ड उघडलं. काढलं तर प्रज्वलनं सांगितलं म्हणून काढलं, असं होणार होतं. फोन त्यानं पुन्हा खिशात टाकला.

संध्याकाळी विजयश्री आली. समाधान दाराशीच उभा होता आणि आज पहिल्यांदा तो तिला बघत होता. तिनं चपलांचा बंद डाव्या हातानं सोडवला. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, तेव्हा बाटली दंडाखाली दाबून डाव्या हातानं फिरवलं. पर्स उजव्या खांद्यावरून काढताना उजवा अंगठा चारी बोटांच्या आत, मुठीत, जपून ठेवल्यासारखा. हे सगळं इतकं सराईतपणे चाललं होतं, की हे आजचं नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. कधीपासून चाललं असेल? एकाच घरात राहून त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुरुळीच्या एका परक्या माणसाला ठाऊक होतं. त्याला लाज वाटली, पण अजूनही जास्त हेवाच वाटला.

“हात दाखव,” तो म्हणाला.

“कसला हात?”

“उजवा.”

ती गोंधळली. मग तिनं हात पुढे केला. समाधाननं तो दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी हळूच दाबलं. तिचा श्वास अडकला.

“दुखतं?”

तिनं मान हलवली. “तुम्हाला कसं कळलं?”

विचारताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हे कळलेल्या माणसाचा चेहरा. तो त्याच्यासाठी होता, निव्वळ त्याच्यासाठी, आणि त्यातला वाटा प्रज्वलला देण्याची त्याची तयारी नव्हती.

“मला दिसत नाही का?” तो म्हणाला. “बघतोय मी बरेच दिवस.”

विजयश्रीचे डोळे भरून आले. तिनं हात तसाच त्याच्या हातांत राहू दिला, बोटंही सैल सोडली. तो अंगठा चोळत राहिला. “उद्या डॉक्टरकडे जाऊ,” म्हणाला. “मी हाफ डे टाकतो.” एका वाक्यात आपण त्या कुरुळीवाल्याच्या पुढे निघून गेलो, असं त्याला वाटलं आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याचं मन शांत झालं.

“बरेच दिवस म्हणजे?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“बरेच म्हणजे... चांगलेच.”

“आज सकाळच्या आधीपासून?”

“अगं, आजचं कुठं? कितीतरी आधीपासून.”

तिनं त्याच्या हातांतल्या आपल्या हाताकडे बघितलं.

“मी आहे त्या ग्रुपवर,” ती म्हणाली. “लग्नाच्या वर्षी तुम्हीच घातलं होतं मला. विसरलात तुम्ही.”

समाधानचा चोळणारा हात थांबला.

“जेवणाच्या सुट्टीत वाचलं मी ते कार्ड.” तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर त्याला बरं झालं असतं. “मग परत लाइनवर उभी राहिले आणि संध्याकाळपर्यंत मनाला समजावत होते, त्यांना कुठं माहीत आहे. माहीत असतं तर त्यांनी असं लिहिलं नसतं.”

खालच्या रस्त्यावर कुणाची तरी कंपनीची बस वळत होती. तिचा हॉर्न वाजून थांबला. मला माहीत नव्हतं, आज दुपारी कळलं, एवढं सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्यापुढं कुणाकडून कळलं ते सांगावं लागणार होतं. समाधाननं तोंड उघडलं. प्रज्वलचं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

विजयश्रीनं वाट बघितली. मग आपला हात सोडवून घेतला, आत गेली, आणि डाव्या हातानं फळीवरचा पिठाचा डबा खाली काढला.