शेरीफच्या आधी

सकाळचे अकरा वाजले होते आणि व्हेल्डा स्वयंपाकघरातला तोच ओटा चौथ्यांदा पुसत होती. कोपऱ्यात स्कॅनर खरखरत होता. गावात घरटी एक स्कॅनर. पोलीस, बंब, अँब्युलन्स, सगळ्यांचं बोलणं बायका बटाटे सोलता सोलता ऐकतात. उगाच नाकं मुरडू नका, बंबावर फुकट राबणारे नवरे त्यांचेच असतात. व्हेल्डाचा मर्ल त्यातलाच, सतरा नंबरचा.

लाइलच्या शेतावर खुद्द लाइलच मक्याच्या घराएवढ्या पत्र्याच्या कोठीत गाडला गेला होता. "सतरा आत उतरलाय," रेडिओवर कुणीतरी म्हणालं. साठी उलटलेल्या मर्लला दुसऱ्या कुणाला उतरू द्यायची बुद्धी होईल तर शपथ! मग आरडाओरडा झाला, "मका पुन्हा घसरला!" आणि शेवटी बंबाच्या प्रमुखाचा थंड आवाज आला, "बाकीचं फोनवर सांगतो."

व्हेल्डा पाचव्यांदा ओटा पुसू लागली. माणूस गेला की ते रेडिओवर बोलत नाहीत, फोनवर बोलतात. कोण गेलं, ते पोलिसांचा शेरीफ घरी येऊन सांगतो.

हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दोन वर्षांपूर्वी आर्लीनच्या नवऱ्यावर ट्रॅक्टर उलटला. 'फोनवर सांगतो' ऐकताच हिने मयताच्या घरी न्यायच्या रिवाजाप्रमाणे कोंबडी-नूडल्स ओव्हनमध्ये सारल्या आणि झाकलेलं भांडं घेऊन थेट तिच्या दारात हजर! शेरीफ अजून वाटेतच होता. आर्लीनने त्या भांड्याकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच मटकन खाली बसली. मेलीला एवढी कसली घाई होती? तेव्हापासून आर्लीन तिच्याशी बोलली नव्हती.

बाहेर गाडी थांबली. व्हेल्डा दाराकडे धावली. शेरीफ नव्हता, आर्लीन होती. व्हेल्डाची नजर आधी तिच्या हातांकडे गेली. आर्लीनने उतरताच दोन्ही हात वर धरून दाखवले. रिकामे होते.

"तुला काही कळलंय का?" व्हेल्डाने दारातूनच विचारलं.

"काही म्हणजे काही नाही. म्हणून तर आले. आता बस गं, ओटा झिजेल तो."

व्हेल्डा बसली, उठली, पुन्हा बसली. वीस मिनिटांनी खरखर झाली.

"सतरा बोलतोय. बाहेर आलोय. चष्मा राहिला आत."

"चष्मा म्हणे! मुडदा बशिवला याचा!" व्हेल्डा ओरडली आणि ढसाढसा रडायला लागली. आर्लीनही रडली. तिला तिच्या वेळी असा आवाज ऐकायला मिळाला नव्हता.

मग दोघींच्याही एकदमच लक्षात आलं की तो फोन लाइलसाठी होता. व्हेल्डाने डोळे पुसले आणि सवयीने तिचे पाय ओव्हनकडे वळले. लाइलची बायको घरी एकटीच असणार.

आर्लीनने तिचं मनगट घट्ट धरलं.

"आधी शेरीफला पोचू दे," ती म्हणाली. "मग दोघी जाऊ."