बोलावलेल्यांपैकी शंभर टक्के

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीला कॅन्सर प्रतिबंधाचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मी नुकतीच एम.एस्सी. संपवून पुण्याहून परतले होते. पुरस्काराचं नाव ‘एकदिलाने आरोग्य सन्मान’. देणारं प्रतिष्ठान लोअर परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये बसतं. घेणारं आमचं उत्सव मंडळ वर्षातले अकरा दिवस गणपती बसवतं आणि उरलेले दिवस फ्लेक्स लावतं.

या वेळचा फ्लेक्स चाळीच्या दारावरच होता. त्यावर समितीतल्या सगळ्यांचे हसरे चेहरे होते आणि खाली उरलेल्या कोपऱ्यात एक खेकडा. कर्क राशीचा. कुणीतरी इंटरनेटवर कर्करोग शोधला असणार आणि राशिभविष्यापाशी थांबला असणार.

मंडळाचे अध्यक्ष रमाकांतकाका. माझगावच्या गोदीत कारकून होते, पण चालतात असे की गोदी त्यांनीच बांधली. मला पाहताच म्हणाले, “अगं पूर्वी, बरी आलीस. तू सायन्सवाली. स्लाइड बनव जरा. मोठ्या अक्षरात लिही, शंभर टक्के महिलांची तोंडाची तपासणी.”

“तिशीच्या वरच्या सगळ्या?”

“सगळ्या म्हणजे सगळ्या. एक बाई सुटली नाही.”

मला आकडा आवडला नाही. शंभर टक्के हा आकडा मला कधीच आवडत नाही. प्रयोगशाळेत कुणाचा निकाल शंभर टक्के आला की आमचे सर आधी उपकरण बंद तर नव्हतं ना, ते बघायचे.

त्या संध्याकाळी शेजारच्या शेवंतीकाकूकडे जेवायला गेले. काकूचा नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. काकू आता एका पोळीभाजी केंद्रात भाकऱ्या थापते. तिने माझ्यासाठी बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि स्वतः दूधभात कालवून घेतला होता.

“तू का नाही खात?”

“जळजळता गो. डाव्या गालात कायतरी झालाहा.”

मी मोबाइलचा दिवा लावून बघितलं. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला लाल, खरबरीत भाग. मी डॉक्टर नाही. पण लाल भाग चांगला नसतो एवढं मला माहीत होतं.

“मिश्री लावतेस अजून?”

“मिश्री म्हणजे काय तंबाखू? तां दातांचा औषध आसा. चाळीस वर्सा लावतंय.” फडताळात काळी पूड भरलेली डबी होती. तंबाखूच तव्यावर भाजून कुटलेला, पण काकूच्या लेखी तव्यावर चढला की तो तंबाखू उरत नव्हता.

“मग जानेवारीत शिबिर झालं ना हॉलमध्ये? तिथे दाखवलं नाहीस?”

काकूने माझ्याकडे मी पहिलीत असावी तसं बघितलं. “माका कोण बोलवतला? हळदीकुंकू होता ना ता.”

एवढंच होतं सगळं. मंडळाने शिबिर ठेवलं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. दारात हळदीकुंकू लावायचं, आत डेंटल कॉलेजच्या मुली तोंड तपासणार आणि बाहेर पडताना हातात वाण म्हणून स्टीलची वाटी. वाटीसाठी सगळ्या सवाष्णी आल्या. विधवांना बोलावणंच गेलं नाही. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर मिश्री लावली, ज्यांचं वय सगळ्यांत जास्त, ज्यांच्या तोंडात काही सापडण्याची शक्यता सगळ्यांत अधिक, त्यांना वगळून आमच्या चाळीने कॅन्सर शोधला आणि तो कुठेच नाही म्हणून पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी रमाकांतकाकांना गाठलं. प्रतिष्ठानचा ध्रुव नावाचा मुलगा त्यांच्यासोबत हॉलमध्ये पडदा कुठे लावायचा ते बघत होता. माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, ती कधीच न काढणारा.

“काका, विधवा बायका कुठे आहेत तुमच्या शंभर टक्क्यांत?”

“अगं, हळदीकुंकवाला कशा येतील त्या? त्यांनाच बरं वाटत नाही.”

“त्यांना विचारलंत?”

“विचारायचं काय त्यात? आणि हे बघ, ज्यांना बोलावलं त्या शंभर टक्के आल्या. वैशालीची आयडिया. टू इन वन.”

वैशालीकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या खुर्च्या पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ध्रुव मध्ये पडला. “तुझा पॉइंट व्हॅलिड आहे. पण हे मॉडेल कल्चरली सेन्सिटिव्ह आहे. म्हणूनच तर रेकग्निशन आहे. आम्ही हे बाकीच्या वॉर्डांत रेप्लिकेट करतोय.”

“म्हणजे बाकीच्या वॉर्डांतल्या विधवाही वगळणार?”

“मेथडॉलॉजी नंतर रिफाइन करू ना.”

मी म्हटलं, शेवंतीकाकूच्या गालात चट्टा आहे. रमाकांतकाकांनी आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग बघू. आता निगेटिव्ह नको.”

मी काकूला म्हटलं, उद्या सकाळी हॉस्पिटलला जाऊ, परळ इथून चालत जाण्याएवढंच आहे. काकू तयार होईना. केंद्रातली रजा हे एक कारण होतं, भीती दुसरं, पण तिसरं तिने तोंडाने सांगितलं. “सगळ्यांचा हॉलात बघितला ना? माझा पण थयच बघूक होया. माका कित्याक येगळी रांग?”

“अगं काकू, रोग तुझा हट्ट बघणार नाही.”

“बघू दे नाय तर. मोठी डॉक्टरीण येतली म्हणतत ना कार्यक्रमाक? येऊ दे.”

मे महिना संपत होता. हॉलमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून सकाळी रमाकांतकाकांनी दारोदार फिरून सगळ्यांना बोलावलं होतं. सत्काराला कुंकू लागत नाही. टाळ्या वाजवायला विधवेचे हात चालतात. शेवंतीकाकू, सुभद्राआजी आणि बाकीच्या मागच्या दोन रांगांत बसल्या होत्या, परीटघडीची पातळं नेसून.

सुरुवात दीपप्रज्वलनाने झाली. वाऱ्याने समई विझत होती म्हणून पंखे बंद केले, ते पुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही. मग खजिनदार बोलले. त्यांनी प्रथम उभ्या गिरणगावाचा इतिहास सांगितला आणि मग गालातली सुपारी दुसऱ्या गालात सारून व्यसनमुक्तीवर आले. ध्रुवने ‘कम्युनिटी ओनरशिप’ हा शब्द इतक्या वेळा वापरला की पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी शेजारणीला विचारलं, “सोसायटी होतेय का आपली?”

प्रमुख पाहुण्या डॉ. लतिका बोलायला उठल्या. त्यांच्या खांद्यावर आधीच शाल घातली होती. कोरडा आवाज, घाईत असलेल्या माणसाचा. म्हणाल्या, “भाषण नको. एकच विचारते. मिश्री कोण कोण लावतं? हात वर करा.”

पुढच्या रांगांत एकही हात वर झाला नाही. तिथे मुलांच्या शाळेत ओळख झालेल्या मैत्रिणी बसल्या होत्या, नणंदा होत्या, फोटोग्राफर होता. मागे मात्र एक हात वर गेला, मग दुसरा, मग जवळजवळ सगळे. त्या बायकांना आता लाजण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

“छान. तुमची तपासणी झालीच आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

शेवंतीकाकू उभी राहिली. “नाय झाली.”

“म्हणजे?”

“आमचा कोणी बघूक नाय. आमका बोलवकच नाय.”

डॉक्टर रमाकांतकाकांकडे वळल्या. “शंभर टक्के ना?”

“मॅडम, ते कसं आहे, हळदीकुंकू होतं, तर या... म्हणजे आपल्यात...”

“आपल्यात काय?”

रमाकांतकाकांनी ध्रुवकडे बघितलं. ध्रुवने टॅबलेटकडे.

डॉ. लतिका मंचावरून उतरल्या. पर्समधून हातमोजे काढले, मला दिवा धरायला लावला आणि शेवंतीकाकूला खिडकीजवळ बसवलं. गाल आतून दाबून बघितला, मग जीभ, मग हनुवटीखाली आणि मानेत बोटं फिरवली. त्यांचा चेहरा बदलला नाही. मी त्याच्याकडे लक्ष ठेवून होते, आणि तो न बदलणं मला आवडलं नाही.

“सोमवारी सकाळी माझ्याकडे या. तुकडा काढून तपासावा लागेल. टाळू नका.”

काकू उठली आणि त्या खुर्चीवर सुभद्राआजी बसली. तिच्यामागे बाकीच्यांनी रांग लावली. कुणी सांगितलं नव्हतं. सुभद्राआजीने कवळी काढून पदरात ठेवली आणि आ केला.

इकडे मंचावर शालींचं तबक घेऊन उभ्या असलेल्या मुलीने हात दुखून ते दोनदा खाली ठेवलं. शेवटी रमाकांतकाकांना राहवलं नाही. त्यांनी माइक घेतला आणि मानपत्र वाचायला लागले. “एकही भगिनी वंचित राहू नये या ध्यासाने...” हॉलमधली निम्मी माणसं त्यांच्याकडे पाठ करून रांगेकडे बघत होती. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. स्वल्पविरामांसकट. मग ध्रुव फोटोग्राफरच्या कानाला लागला आणि फोटोग्राफर धावत खिडकीशी आला. रात्रीपर्यंत ग्रुपवर फोटो आला होता, ‘मंडळातर्फे जागेवरच विशेष तपासणी’.

तुकड्याचा अहवाल यायचा तेव्हा आला. गालाचा कॅन्सर होता. शस्त्रक्रिया होईल, गाल कापावा लागेल, मानेतल्या गाठीही काढतील, नंतर कदाचित शेक, म्हणजे रेडिएशन.

शेवंतीकाकूने डॉक्टरांना विचारलं, “बाई, संक्रांतीक बघितला असता तर?”

“तेव्हा किती होता, मला माहीत नाही,” डॉ. लतिका म्हणाल्या. “कुणी बघितलंच नाही ना.”

मला खरं तर त्याहून काहीतरी हवं होतं. त्या महिन्यांत चट्टा किती वाढला याचा आकडा, जो मी जाऊन रमाकांतकाकांच्या तोंडावर मारला असता. तो आकडा कुठेही नाही. त्यांनी बघितलं नाही, म्हणून त्यांचं चुकलं किती हेही कधी सिद्ध होणार नाही. अशा माणसांना हे किती सोयीचं असतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी वैशालीकाकू आल्या. एकट्याच. काकांना मंत्रालयात काम होतं, पुढच्या पुरस्काराचं. मी त्यांना बसायला जागा करून दिली नाही. त्या उभ्या उभ्याच रडायला लागल्या. “मावशी, खरंच सांगते, माझ्या डोक्यात आलंच नाही हो.”

“म्हायत आसा,” शेवंतीकाकू म्हणाली. “तुझ्या डोक्यात आमी कधीच नव्हतव.”

आतून तिचं नाव पुकारलं. तिने मंगळसूत्र नसलेल्या गळ्यातली तुळशीची माळ काढून माझ्या हातात दिली आणि कपड्यांची पिशवी वैशालीकाकूंकडे टाकली.

“ही धर. मी भायर येयसर हयसून उठायचा नाय. भूक लागली तरी नाय.”

वैशालीकाकू पिशवी मांडीवर घेऊन जमिनीवरच बसल्या. काकू परिचारिकेच्या मागोमाग आत गेली.