डाव्या हातात तुटणारा आवाज

मी फोन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, आज स्वतःचं सांगतो. मध्येच आवाज तुटला तर समजून घ्या.

कारखान्यात माझ्या कडेने धातूची चकचकीत पट्टी बसवली. तीच माझी अँटेना. दिसायला देखणी, पण डाव्या हाताची मूठ तिच्या खालच्या कोपऱ्यावर आवळली की माझी रेंज गळते. म्हणजे कुणी मला जवळ घट्ट धरलं की नेमका तेव्हाच मी मुका होतो. असं नशीब कुणाचं नसावं.

चष्म्याच्या एका दुकानदाराने मला बायकोसाठी घेतलं. ती बेकरीत केक सजवते. तिने मला खोक्यातून काढून बाहीने पुसलं आणि मला वाटलं, झालो हिचा. कसलं काय! तिच्या पर्समध्ये आधीच एक जण ठाण मांडून बसला होता. बटणांचा, रंग उडालेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला. गिऱ्हाइकं केकचे फोटो पाठवायची, म्हणून बेकरीचं काम माझ्याकडे आलं. पण बहिणीशी बोलायचं झालं की ती त्याला घेऊन गॅलरीत जायची. डाव्या कानाशी दाबून धरायची, पोटभर हसायची, आणि तो मेला कधी कटायचा नाही. माझा असा जळफळाट व्हायचा की पाठ तापायची.

मलाही ती डाव्याच हातात धरायची. उजव्या हातात क्रीमचा कोन असायचा. पण घरी हात रिकामा असतानाही तेच. एकदा तिने मला उजव्या कानाला लावून पाहिलं. पलीकडचा माणूस स्वच्छ बोलत होता, तरी ही आपली 'हॅलो, हॅलो' करत राहिली आणि परत मला डावीकडे नेलं. हिला मला नापासच करायचंय, असं मी धरून चाललो.

एकदा जेवताना माझ्यावरून वाद पेटला. नवऱ्याने मला उजव्या हातात धरून रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दाखवल्या. हा दोष नाहीच, सवयीचा प्रश्न आहे, असं त्याचं म्हणणं. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद जेवायला आली होती. ती म्हणाली, "दादा, दार उघडलं की भिंत पडत असेल, तर तू काय दार उघडू नका म्हणून सांगशील?"

"हात बदलायला असे कितीसे कष्ट पडतात?" तो म्हणाला.

मी अर्थातच त्याच्या बाजूचा. त्याची बायको मात्र ताटं गोळा करून आत गेली. पुढे रबरी कव्हर घालून झालं. फरक पडला, पण नावापुरता.

मग तो केक आला. एका बाईंची मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी येणार होती. केकवर 'ये, घर तुझंच आहे' असं लिहायचं होतं. आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. "ते लिहू नका, ती आता येत नाहीये," असं त्या सांगत होत्या. पण इकडे हिची मूठ माझ्यावर आवळलेली होती. 'ते लिहू' एवढं माझ्यातून पोचलं आणि पुढचं गळून पडलं. तिने परत फोन लावला, तो लागला नाही. तिने लिहिलं, नेहमीपेक्षा सुबक.

बाई केक घ्यायला आल्या. खोकं उघडून त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. भांडल्या नाहीत. झाकण लावलं आणि खोकं काउंटरवर ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी तिने हे सांगितलं तेव्हा नवरा सवयीने बोलून गेला, "तरी मी म्हणत होतो, दुसऱ्या कानाला लाव."

ती खाली बसली. "लावला असता. पण त्या कानाने मला ऐकू येत नाही. गेल्या वर्षापासून."

तो दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस. चालताना बायको हल्ली नेहमी आपल्या उजव्या बाजूला का येते, हे त्याला कधी दिसलं नव्हतं. मलाही कुठे कळलं होतं? तिचा नाइलाज होता, आणि मी त्याला नावड समजून कुढत बसलो होतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"बेकरीतलं काम जाईल म्हणून. आणि तू 'सवय कर' म्हणशील म्हणून."

त्यानंतर तो म्हणाला नाही की फोनमध्ये दोष नाही. तिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेला. दोघं मिळून त्या बाईंच्या घरीही जाऊन आले. बेकरीच्या गिऱ्हाइकांना त्या बटणवाल्याचा नंबर दिला गेला आणि माझी रवानगी फडताळात झाली. त्यात तिच्या उजव्या कानात एक इवलंसं यंत्र आलं. ते दिवसभर तिला बिलगून असतं. आता त्याचाही हेवा करायचा का? करतो, काय करू.

यंत्र आलं त्याच दिवशी नवरा आतल्या खोलीत गेला आणि त्या बटणांच्या फोनवरून मला फोन लावला. तिने मला उचललं. उजव्या हातात. उजव्या कानाला.

"ऐकू येतंय?" त्याने विचारलं.

तिचा गाल ओला झालेला मला लागला. मग तिने मला ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याशी बोलायला आत निघून गेली.

कॉल तसाच चालू राहिला. तिकडे पलंगावर तो बटणवाला, इकडे ओट्यावर मी. लांबून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. एवढ्या वेळात मी एकदाही तुटलो नाही, पण ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

एकच मागणं आहे. माझ्यासारखा कुणी एखादीच्या हातात आला आणि आवाज तुटला, तर धरणारीला 'हात बदल' म्हणण्याआधी तिला काय होतंय ते विचारा. मला विचारता येत नाही.