घरपोच

शिक्क्याच्या रबरात वाळलेल्या शाईची खपली अडकली होती आणि उमा ती टाचणीच्या टोकाने काढत होती. 'घरपोच सोडले' — उलटी, जांभळी अक्षरं. हा शिक्का तिने दोन वर्षांपूर्वी राजवाड्याजवळच्या दुकानातून करून घेतला होता, कारण चौदा बायका, महिन्याच्या सव्वीस रात्री, आणि प्रत्येक ओळीत तेच ते लिहून मनगट भरून यायचं… खपली निघाली. तिने शिक्का कोऱ्या कागदावर उठवून पाहिला. स्वच्छ उठला. मग आजच्या दिवशी आपण हे काय करतोय असं वाटून तिने तो ड्रॉवरमध्ये, पार मागे, ढकलला.

साताऱ्यातल्या या दोन खोल्यांतून ती सहा कारखान्यांची पगारपत्रकं, हजेऱ्या आणि कामगार कायद्याचे कागद सांभाळायची. त्यातला मोठा म्हणजे उंब्रजच्या पुढे, हायवेलगत, फळांचा गर डबाबंद करणारा. तिथे बायका रात्रपाळी करत. आणि बायकांना रात्री कामावर ठेवायचं तर त्यांची लेखी संमती लागते, गाडी लागते, आणि गाडीने त्यांना दारात सोडल्याची नोंद लागते. गाडी मालकाची. नोंद उमाची. तपासणीला आलेले साहेब रजिस्टर चाळून म्हणाले होते, मॅडम, इतकं नीटनेटकं रजिस्टर आम्ही पाहिलं नाही. तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला — चांगलं दोन-तीन दिवस वाटत होतं.

आता त्याच रजिस्टरचं डिसेंबरचं पान तिच्यासमोर होतं. त्या चौदा जणींतल्या क्रांतीची ओळ. तारीख अठरा, सुटी पहाटे सहा वाजता, घरपोच सहा पस्तीस, सही. आणि पोलिसांच्या कागदात, त्याच अठरा तारखेला, सहा चाळीसला, फाट्यापासून वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली क्रांतीच्या पायावरून गेलेली. विम्याच्या कार्यालयाने साधा प्रश्न विचारला होता: कामगार घरी पोहोचल्यानंतर बाहेर पडली असल्यास हा कामावरून परततानाचा अपघात कसा? पानाची प्रमाणित प्रत उद्यापर्यंत पाठवावी. उत्तर चुकलं तर क्रांतीला अपंगत्वाची पेन्शन नाही. बस, एवढंच त्या पानावर अवलंबून होतं.

सकाळी अंबूबाई येऊन गेली होती. क्रांतीची सासू, मुलगा सैन्यात, सुट्टी संपवून परत गेलेला, म्हणून कागदांची पिशवी घेऊन हीच एसटीने आलेली. खुर्ची दिली तरी तिच्या कडेलाच टेकली.

"आवं ताई, ह्यात म्हनत्यात क्रांती घरला पोचली हुती. मग दारातनं माघारी रस्त्यावर कशाला गेली, आसं इचारत्यात मला." तिने पदराने तोंड पुसलं. "घरला आली आसती तर मी च्या दिला नसता व्हय तिला? त्या दिशीचा च्या तसाच चुलीवर ऱ्हायला."

उमाने पान उलटल्यासारखं केलं आणि विचारलं, "गाडी फाट्यापर्यंतच यायची का, मावशी?"

"वाडीत आली आसती तर आमी नारळ फोडला आसता तिच्या म्होरं. समद्या वाडीनं बघितली आसती." आणि मग, सावकाश, "तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

बघते मी, एवढंच उमा म्हणाली. तिला ठाऊक होतं. गेल्या वर्षीच गाडीवाल्या नाथाजीने सांगितलं होतं, चहा पिता पिता, अगदी हसत — आत रस्ता नाही, गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटतो, फाट्यावर सोडतो, चालतात की दीड किलोमीटर. तिने विचारलं होतं, फाट्यावर किती वाजता? सहा पंचवीस. आणि तिने त्यात दहा मिनिटं मिळवली होती. तिने स्वतः. गाडी आत गेली असती तर एवढी लागली असती, म्हणजे वेळ जुळायला हवी… त्या दहा मिनिटांत क्रांती रोज अंधारात चालत होती आणि रजिस्टरमध्ये ती गाडीत बसलेली होती.

पहाटे बायकांना सहीसाठी अडवायचं म्हणजे कटकट, म्हणून महिनाभराच्या वेळा आणि शिक्के आधीच घालून सह्या महिन्याच्या पहिल्या तारखेलाच घ्यायच्या, सगळ्या ओळींवर, कँटीनमध्ये एका रांगेत. क्रांती सही करता करता थांबली होती. "ताई, हितं सही क्येली की गाडी घरापत्तुर येनार व्हय?" मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. उमाही हसली होती. येईल हळूहळू, म्हणाली होती.

म्हणूनच अठराच्या खालीही ओळी होत्या. एकोणीस, घरपोच सोडले. वीस, घरपोच सोडले. क्रांती कऱ्हाडच्या दवाखान्यात, पाय गुडघ्याखाली काढलेला, आणि इथे ती महिनाअखेरपर्यंत रोज सहा पस्तीसला घरी पोहोचत होती, सहीनिशी.

कारखान्याच्या मॅनेजरचा, कृष्णातरावांचा, दुपारी फोन आला. आवाज नेहमीसारखा अदबीचा. खालच्या ओळी पांढऱ्या करून रजा लिहा, म्हणाले. अठरा तारीख आहे तशी राहू द्या, आपण तिला हात लावला तर दोन वर्षांची सगळी पानं उघडतील, त्यावर सही तुमचीच आहे ताई. त्यांनी धमकी दिली नव्हती. खरं तेच सांगितलं होतं.

मी काय केलं? मी नोंद केली. गाडी फाट्यावर मी थांबवली नाही, ट्रॉलीला मागे दिवा नव्हता तो मी काढला नव्हता, मी फक्त… पण मी लिहिलं नसतं तर रात्रपाळीच लागली नसती, आणि लागली नसती तर क्रांतीच म्हणाली असती, ताई, रोजगार गेला. हे सगळं खरं होतं. तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी चुलीवरचा तो चहा येत होता.

संध्याकाळी साडेसात. पांढऱ्या शाईची बाटली उघडी, एकोणीस ते एकतीस पुसून झालेलं, ब्रश अठराच्या ओळीवर थांबलेला. तिथे 'फाट्यावर' एवढंच लिहायचं होतं, आणि सोबत एक पत्र, की बाकीच्या सगळ्या ओळीही… की नुसती झेरॉक्स काढायची होती.

फोन उजळला. मयूरी. सांगलीला इंजिनिअरिंगला असलेली तिची मुलगी, लायब्ररीतून वसतिगृहात गेली की रोज कळवायची. उमाने तसा नियमच घातला होता. एक शब्द: पोहोचले. रोज उमा त्याला अंगठ्याचं चिन्ह पाठवायची आणि कुकर लावायला उठायची.

आज ती त्या शब्दाकडे बघत राहिली. कुठून पाठवला असेल? खोलीतून… की रस्त्यातूनच, आईची कटकट नको म्हणून, आधीच? तिने लिहिलं, कुठपर्यंत?

लगेच उत्तर आलं. 'म्हणजे काय आई? खोलीत.'

दोन वर्षांत एकाही ओळीपुढे तिने हे विचारलं नव्हतं. खोलीत — उमाने शब्द पुन्हा वाचला, आणि तिच्या लक्षात आलं की त्यावर आपला विश्वास बसत नाहीये, आणि आता बहुधा कधी बसणारही नाही. ब्रशच्या टोकावर शाई वाळून कडक झाली होती. तिने ती नखाने मोडली.